केमोच्या आधी अंडी फ्रीझ करावीत का? बहिणीसाठी विचारणाऱ्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बहीण 28 वर्षांची, गडहिंग्लजकडची, साखरपुडा झालाय, स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन नुकतंच मिरजेत झालं, रिपोर्टात ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा कॅन्सर) आलंय आणि तीन आठवड्यांनी केमो सुरू करायची ठरलीय, आधी एसी या औषधांच्या जोडीचे चार डोस, मग पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं केमोचं औषध, आणि ते संपलं की पाच वर्षं टॅमॉक्सिफेनची, म्हणजे हार्मोनचा परिणाम अडवणारी गोळी. तुम्ही विचारताय की केमोनंतर तिला मूल होईल का. डॉक्टरांना विचारलं तर "आधी जीव महत्त्वाचा" म्हणाले, आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की अंडी काढून ठेवता येतात पण त्याची इंजेक्शनं हार्मोनची असतात, त्यानं कॅन्सर वाढतोय. शिवाय सासरच्यांना सांगायचं की नाही हाही घोळ आहेच.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं वंध्यत्वाच्या पेशंट बघते, आणि अलीकडं कॅन्सरचे उपचार सुरू व्हायच्या आधी पाठवलेल्या मुली आणि मुलंही येतात. त्या कामातून जे कळलंय ते सांगते. तिचे कागद मी बघितलेले नाहीत, म्हणून शेवटचा शब्द तिच्या ऑन्कॉलॉजिस्टचाच, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांचाच.

पहिली गोष्ट म्हणजे "केमोनंतर मूल होईल का" याचं छातीठोक उत्तर आज कुणीच देऊ शकत नाही. उत्तर देता येईल असा प्रश्न वेगळा आहे, की पहिलं सलाईन चढायच्या आधी हातात जे तीन आठवडे आहेत त्यात काय करता येतं, ते कॅन्सरच्या उपचाराला धक्का न लावता बसतं का, आणि तिला स्वतःला ते हवंय का. केमो एकदा सुरू झाली की यातले बरेच पर्याय हातचे जातात, म्हणून हे सगळं याच आठवड्यात व्हायला पाहिजे.

"आधी जीव महत्त्वाचा" हे डॉक्टरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, त्यावर वाद घालू नका. पण जीव वाचवणं आणि पुढं मूल होण्याची सोय करून ठेवणं ही दोन कामं तुमच्या बहिणीच्या बाबतीत एकमेकांच्या आड येत नाहीत. ऑपरेशन आणि केमो यांच्यामध्ये जखम भरायला साधारण चार ते सहा आठवडे जातातच, आणि आमचं काम दोन आठवड्यांत उरकतं. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं 2006 सालापासून लिहून ठेवलंय की मूल होण्याच्या वयातल्या पेशंटशी हा विषय उपचार सुरू व्हायच्या आधी बोलावा. पण आपल्याकडं ओपीडीत बाहेर शंभर माणसं बसलेली असतात, तिथं राहून जातंय. मग आपण विचारायचं, आणि नेमकं असं विचारायचं: "केमोची तारीख न हलवता अंडी फ्रीझ करून घेतली तर तुमची हरकत आहे का, आणि आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) डॉक्टरांशी एकदा फोनवर बोलाल का?" माझा अनुभव असा आहे की दोन डॉक्टर पाच मिनिटं फोनवर बोलले की बहुतेक गोष्टी सुटतात, नातेवाइकांनी इकडचं तिकडं सांगत बसलं की अडकतात.

आता केमो नक्की करते काय ते. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख अंडी असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, नवीन एकही तयार होत नाही. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात, त्यात त्या महिन्यात वाढीला लागलेली अंडीही मरतात आणि म्हणून पाळी थांबते. एवढंच असतं तर चाललं असतं, कारण झोपलेली अंडी शिल्लक असतात. पण एसीमधलं जे सी आहे, सायक्लोफॉस्फमाइड, ते झोपलेल्या अंड्यांनाही सोडत नाही. किती जातात हे एकूण डोस किती, वय किती आणि मुळात साठा किती यावर ठरतं. चाळिशीतल्या बाईची पाळी याच औषधानं कायमची जाऊ शकते, 28 व्या वर्षी तसं होण्याची शक्यता बरीच कमी असते, आणि हे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणून सांगत नाही, तसंच आहे ते.

मग फ्रीझ करायची गरज काय, असं तुम्ही म्हणाल. इथंच खरी मेख आहे. शेजारच्या काकू सांगतात ना, "आमच्या सुनेची पाळी आली की परत केमोनंतर", ते खरं असतं, पण पाळी परत आली म्हणजे साठा शाबूत राहिला असं नाही. साठा घटतो आणि पाळी जायचं वय काही वर्षं अलीकडं येऊ शकतं. त्यावर पाच वर्षं टॅमॉक्सिफेन, आणि त्या गोळीवर असताना दिवस जाऊ द्यायचे नसतात कारण बाळात व्यंग येऊ शकतं. म्हणजे बहीण गोळी संपवून बाहेर येईल तेव्हा 34 च्या आसपास असेल, आणि केमोनं आधीच घटलेल्या साठ्यावर ही वर्षं चढलेली असतील. तिच्या बाबतीत केमोपेक्षा हा मधला काळ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आज काढलेली अंडी मात्र 28 वर्षांचीच राहतात.

प्रत्यक्ष होतं काय ते सांगते, कारण न कळल्यामुळंच जास्त भीती वाटते. पूर्वी पाळीच्या दुसऱ्या दिवसाची वाट बघायला लागायची, त्यात कधी कधी तीन आठवडे जायचे. आता पाळीचा कुठलाही दिवस असला तरी सुरू करता येतं. रोज ठरलेल्या वेळी पोटाच्या कातडीखाली बारीक सुईचं इंजेक्शन, साधारण दहा-बारा दिवस. घरी घेता येतं, आम्ही पहिलं समोर द्यायला लावतो आणि बहुतेक घरांत बहीण नाहीतर आई दोन दिवसांत तयार होते. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं पण बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही, गोठलं की औषध वाया. गावाकडं लाईट जास्त वेळ जात असेल तर आधीच सांगा, त्याप्रमाणं थोडी थोडी देता येतात, किंवा जवळच्या मेडिकलवाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवायची सोय होते. मधे चार-पाच वेळा सोनोग्राफीला यावं लागतं, गडहिंग्लजहून सकाळच्या एसटीनं येऊन दुपारी परत जाता येतं, पण ऑपरेशन ताजं आहे, धक्के सोसत नसतील तर शेवटचे चार दिवस कोल्हापुरातच कुणाकडं तरी राहिलेलं बरं. अंडी पुरेशी वाढली की एक शेवटचं इंजेक्शन, ते मिनिटाला मिनिट ठरलेल्या वेळी, आणि त्यानंतर 35-36 तासांनी हलकी भूल देऊन सुईनं अंडी काढतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम, टाके नाहीत, संध्याकाळी घरी. सगळं नीट असलं तर दोन-तीन दिवसांत केमो चालू करता येते.

बायका एक हमखास विचारतात, की आत्ता दहा-पंधरा अंडी काढली तर पुढची कमी होणार का? नाही. दर महिन्याला अंड्यांचा एक घोळका वाढीला लागतो, त्यातलं एक बाहेर पडतं आणि बाकीची आपोआप मरतात. इंजेक्शननं आपण ती मरणारी वाचवतो, पुढच्या साठ्याला हात लागत नाही.

आता हार्मोनची भीती. ही भीती रास्त आहे, वेडगळ नाही. नेहमीच्या पद्धतीनं अंडी वाढवली तर रक्तातलं इस्ट्रोजेन बरंच वर जातं, आणि तुमच्या बहिणीचा कॅन्सर ईआर पॉझिटिव्ह म्हणजे इस्ट्रोजेनवर पोसणारा. म्हणूनच अशा पेशंटना आम्ही इंजेक्शनांसोबत रोज लेट्रोझोलची गोळी देतो. ही गोळी शरीरात इस्ट्रोजेन तयार होण्याची पायरीच अडवते, त्यामुळं अंडी वाढतात पण इस्ट्रोजेन फारसं चढत नाही. आणि हीच गोळी पाळी गेलेल्या बायकांना स्तनाच्या कॅन्सरवर उपचार म्हणून देतात, म्हणजे तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना ती चांगली माहितीची आहे. अंडी काढल्यावरही इस्ट्रोजेन खाली येईपर्यंत ती चालू ठेवतो. आत्तापर्यंत अशा बायकांचा जो पाठपुरावा झालाय त्यात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही. तरी मी पेशंटला "शून्य धोका" असं कधी म्हणत नाही, "आजवर धोका दिसलेला नाही" असं म्हणते, आणि ज्या केंद्रात लेट्रोझोलचा विषयच निघाला नाही तिथं ईआर पॉझिटिव्ह पेशंटचं हे काम करून घेऊ नका असं स्पष्ट सांगते. शेवटचं इंजेक्शनही वेगळ्या प्रकारचं देतो, कारण नेहमीच्या एचसीजी या हार्मोनच्या इंजेक्शननं काही मुलींच्या पोटात पाणी होतं, आणि तसं झालं तर केमो लांबते. ते आपल्याला परवडणारं नाही.

बहिणीचं लग्न व्हायचंय म्हणून तुमच्या आईच्या मनात एक प्रश्न नक्की असणार, बऱ्याच आया तो दार लावून हळूच विचारतात. वाढ बघायची सोनोग्राफी लघवी रोखून पोटावरून करता येते. अंडी काढताना मात्र बहुतेक वेळा सुई योनीमार्गातूनच घालावी लागते, कारण अंडाशय तिथून सगळ्यात जवळ असतात आणि तोच मार्ग सुरक्षित. काही जणींमध्ये अंडाशय वर असतील तर पोटातूनही काढता येतात. हे तिला आधी नीट समजावून, तिची संमती घेऊनच करतात, ती भुलीत असते, आणि यात तिच्या अब्रूला धक्का लागण्यासारखं काहीही नाही. मुलीला अंधारात ठेवून "छोटं ऑपरेशन आहे" म्हणून आणू नका, तेवढं कळकळीनं सांगते.

काढलेली अंडी कुठं जातात? अंडं म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, नुसत्या डोळ्याला जेमतेम ठिपका. लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे अंडी आणि भ्रूण हाताळणारे तज्ज्ञ, मायक्रोस्कोपखाली बघून पक्व झालेली वेगळी करतात, त्यातलं पाणी खास द्रावणानं काढून घेतात, आणि प्लॅस्टिकच्या केसासारख्या बारीक पट्टीच्या टोकावर दोन-तीन अंडी ठेवून ती पट्टी झटक्यात उणे 196 डिग्रीच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. पाण्याचा बर्फ व्हायला वेळच मिळत नाही म्हणून अंडं फाटत नाही. पट्टीवर नाव, नंबर, तारीख असते, आणि मग टाकीत नायट्रोजन भरत राहणं एवढंच काम उरतं. पण हे काम वर्षानुवर्षं न चुकता करायचं असतंय, म्हणून केंद्र निवडताना टाक्यांवर लक्ष कोण ठेवतं, रात्रीचा अलार्म कुणाला जातो, उद्या केंद्र बंद पडलं तर अंडी कुठं हलवणार, हे बिनधास्त विचारा.

किती अंडी पुरतात? तिच्या वयाला दहा-पंधरा पक्व अंडी मिळाली तर चांगलं म्हणायचं. पण उघडताना काही टिकत नाहीत, टिकलेल्यांपैकी काही फळत नाहीत, फळलेल्यांपैकी सगळी भ्रूण होऊन रुजत नाहीत. म्हणून फ्रीझ केलेली अंडी म्हणजे हातात आलेलं बाळ नव्हे, पुढची एक जास्तीची संधी. आणि केमोनंतर तिला आपोआप दिवस गेले तर ती वापरावी पण लागणार नाहीत, असंही होतं आणि तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद होतो.

दुसरा एक उपाय केमोवाल्यांकडूनच मिळतो. केमोच्या किमान आठवडाभर आधी सुरू करून दर महिन्याला गोसेरेलिनसारखं इंजेक्शन, त्यानं अंडाशय तेवढ्या काळापुरते झोपतात. 2018 साली पाच चाचण्यांतल्या 873 बायकांची माहिती एकत्र करून बघितली तेव्हा अंडाशय वेळेआधी बंद पडण्याचं प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत 14 टक्के आणि न घेतलेल्यांत 31 टक्के निघालं. फायदा आहे, पण फ्रीझिंगला पर्याय म्हणून नाही, जोडीला म्हणून. अंगातून वाफा येतात, घाम येतो, झोप उडते, हे तिला आधी सांगा म्हणजे घाबरणार नाही.

पुढं मूल कधी? इथं एक चांगली बातमी आहे. पॉझिटिव्ह नावाचा अभ्यास 2023 साली छापून आला, त्यात ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरच्या 42 वर्षांपर्यंतच्या बायकांनी दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन मग मुलासाठी दोन वर्षांपर्यंत थांबवली, आणि साधारण तीन वर्षांच्या पाठपुराव्यात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण न थांबवणाऱ्यांइतकंच राहिलं, चारातल्या जवळजवळ तिघींना दिवसही गेले. म्हणजे पूर्ण पाच वर्षं थांबावंच लागेल असं नाही, पण गोळी कधी थांबवायची हे तिच्या गाठीची स्टेज बघून ऑन्कॉलॉजिस्टच ठरवणार, आणि थांबवल्यावर तीन महिने तरी मधे जाऊ द्यायचे, मूल झाल्यावर गोळी परत चालू करायची. लांबचा पाठपुरावा अजून चालू आहे, म्हणून जास्त धोक्याची स्टेज असेल तर मी पण घाई करू नका म्हणेन. मधल्या काळात लग्न झालं तर एक ध्यानात ठेवा, पाळी बंद आहे म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं नाही, काळजी घ्यावीच लागते, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत, निरोध किंवा कॉपर-टी.

भ्रूण करून ठेवा असं कुणी सुचवलं तर तो विचार आत्ता नको. लग्न झालेलं नाही, आणि भ्रूणावर दोघांचा हक्क असतो, उद्या काही बिनसलं तर तिच्या हातात काहीच उरत नाही. अंडी फक्त तिची. आपल्याकडं एआरटी कायदा (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) 2021 चा आहे, जानेवारी 2022 पासून लागू, आणि त्यात 21 वर्षांवरच्या अविवाहित बाईलाही या सेवा घेता येतात. केंद्राची नोंदणी आहे का ते मात्र बघूनच जा. खर्च इंजेक्शनांचा डोस किती लागतो त्यावर फिरतो, पण लाख ते दोन लाखांच्या घरात धरून चाला, वर साठवणुकीचं वर्षाचं भाडं. महात्मा फुले योजनेत केमो बसते, हा खर्च धरू नका. कॅन्सरच्या पेशंटला सवलत द्याल का असं तोंडानं विचारा, बरीच केंद्रं देतात, पण न विचारता कुणी देत नाही. आणि पैसे नसतील तर कर्ज काढून हे केलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही, 28 व्या वर्षी नुसत्या गोसेरेलिनवर जाणं हा पण विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो.

सासरच्यांचं. माझ्याकडं असं घर आलं की आई, मामा, भाऊ सगळे बोलत असतात आणि मुलगी फाईलच्या कोपऱ्याशी चाळा करत बसलेली असते. मी सगळ्यांना थोडा वेळ बाहेर बसवते. मग ती बोलते. एकीनं विचारलं होतं, "मॅडम, मला हे नाही करायचं म्हटलं तर चालेल का?" चालतं. काही मुली नको म्हणतात, ऑपरेशननं दमलेल्या असतात, अजून एक सुई नको असते. काहींना मात्र हेच धरून केमो काढायची असते. म्हणून सासरी काय सांगायचं, कधी सांगायचं, हे तिनं ठरवावं, तुम्ही पाठीशी राहा. माझं मत विचाराल तर नवऱ्या मुलाला आजार आणि उपचार दोन्ही लग्नाआधी तिनं स्वतःच्या तोंडानं सांगावं, गावभर बैठक घालून नाही. पण अंडी फ्रीझ केली तरच लग्न, अशी अट कुणी घालत असेल तर त्यासाठी ही सुई टोचून घेऊ नये.

इतर कुणी वाचत असेल तर थोडक्यात. पुरुषांसाठी हे सगळ्यात सोपं आहे, पहिल्या केमोच्या आधी वीर्य साठवून ठेवायचं, दोन-तीन नमुने मिळाले तर उत्तम, एकच मिळाला तरी इक्सीमुळं (एक शुक्राणू थेट अंड्यात सोडायची पद्धत) कामाला येतो, आणि तरीही लाजेपोटी सगळ्यात जास्त राहून जातं ते हेच. लहान मुलींमध्ये किंवा दोन आठवडेही हातात नसतील तर दुर्बिणीतून अंडाशयाचा भाग काढून गोठवता येतो, त्यातून पहिलं बाळ 2004 साली बेल्जियममध्ये झालं, पण ही सोय मोठ्या केंद्रांतच. रक्ताच्या तीव्र कॅन्सरमध्ये बहुतेकदा थांबताच येत नाही, तिथं खरोखरच आधी केमो. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा असेल तर अंडाशय वर उचलून बांधता येतात, पण शेकानं पिशवीचंही नुकसान होतं.

ताई, आता तुमचं काम. ऑन्कॉलॉजिस्टना उद्याच फोन करा आणि वरचा प्रश्न विचारा. आयव्हीएफच्या डॉक्टरांकडं जाताना बायोप्सी आणि ऑपरेशननंतरचा गाठीचा रिपोर्ट, ईआर-पीआर-हर टूचा (गाठीच्या प्रकाराच्या तपासणीचा) कागद, केमोच्या औषधांची नावं आणि तारीख, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), रक्ताचे रिपोर्ट एवढं घ्या. या वयात स्तनाचा कॅन्सर झालाय म्हणजे बीआरसीए जीनची, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या कॅन्सरची, तपासणी करायची का हेही विचारा, त्याचा निकाल यायला वेळ लागतो पण अंडी काढायला त्यासाठी थांबायचं नाही. आणि एएमएचचं (अंड्यांचा साठा सांगणारी तपासणी) रक्त लगेच देऊन टाका, गडहिंग्लजच्या लॅबमध्येही घेतात, उपाशी राहावं लागत नाही, पाळीचा दिवस बघावा लागत नाही, आणि तो आकडा हातात असला की तिला किती डोस लागेल आणि साधारण किती अंडी मिळतील हे पहिल्याच भेटीत सांगता येतं.